घर घेणाऱ्याचा मध्यस्थ कोण?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान, वक्त्यांनी स्मरणिकेसाठी लिहून दिले तसे.)



मंडळाच्या चालकांनी यंदा मला बोलावयास सांगितले तेव्हा विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च, तरुणांचे उद्योगधंदे ह्या विषयांवर ह्या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झाले आहे आणि त्यांवर बोलण्याचा अधिकार माझ्याहून अधिक असलेली मंडळी समोर बसलेली आहेत. माझे आयुष्य गेले ते दस्त वाचण्यात आणि दस्त लिहिण्यात. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र ह्यांपलीकडे माझी विद्वत्ता जात नाही. तेव्हा त्या धंद्यातलाच एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो. घर विकत घेणाऱ्याने स्वतःचा, केवळ स्वतःचाच, असा मध्यस्थ नेमावा की नाही?

प्रश्न लहान वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्या समाजातील मध्यम स्थितीतील कुटुंब आयुष्यात एकदाच, फार तर दोनदा, घर घेते. त्या एका व्यवहारात निवृत्त माणसाचा भविष्यनिर्वाह निधी जातो, घरातल्या बाईचे दागिने जातात, आणि उरलेल्या रकमेसाठी मुलगा वीस वर्षे बँकेचे हप्ते भरावयास बांधून घेतो. इतकी मोठी रक्कम ज्याच्या शब्दावर आपण टाकतो तो माणूस कोणाचा, हे विचारण्याची मात्र आपल्याकडे पद्धत नाही.

आपण सारे विवाह जमविण्याच्या कामात मुरलेले लोक आहोत. ह्याच मंडळाचे वधूवर मेळावे आपण पाहिले आहेत. मुलीसाठी स्थळ आले म्हणजे आपण काय करतो? मुलाच्या काकांनी मुलगा निर्व्यसनी असल्याचे सांगितले, म्हणून तेवढ्यावर कोणी सुपारी फोडत नाही. मुलीचा मामा किंवा थोरला चुलता मुलाच्या गावी जातो, शेजाऱ्यांत चौकशी करतो, नोकरी खरी की सांगण्यापुरती ते पाहतो. मुलाच्या काकांचा त्यात कोणी अपमान मानीत नाही; ते मुलाकडचे आणि मामा मुलीकडचा, हे दोन्ही पक्षांस मान्य असते. श्रीसिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तेथेही हीच रीत. बैल घ्यावयास गेलेला शेतकरी दात पाहणारा, चाल ओळखणारा एखादा जाणता बरोबर नेतो. विकणाऱ्याच्या हेड्याने बैलाचे वय सांगावे आणि घेणाऱ्याने ते मुकाट्याने मान्य करावे, असे तेथे होत नाही. आणि चाळीस लाखांचे घर घेताना मात्र आपण नेमके तेच करतो.

हे असे का झाले ते सोलापूरच्या वाढीकडे पाहिले की थोडेफार उमगते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी घर सहसा विकत घेण्याची वस्तू नव्हते. ते वारशाने येई, किंवा माणूस भाड्याच्या खोलीत आयुष्य काढी. १८७७ साली येथे जुनी गिरणी निघाली, मागाहून इतर गिरण्या आल्या, आणि गिरणीमागून चाळी आल्या. त्या चाळींत राहणाऱ्यास घराचा उतारा काढण्याची गरज पडली नाही. गावठाणातले वाडे कोणाचे, हे सगळ्यांस तोंडपाठ असे. १९६४ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. १९९२ च्या हद्दवाढीने बाळे, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव अशी भोवतालची गावे शहरात आली. काल ज्या रानात ज्वारी उभी होती तेथे चुन्याच्या रेघा पडून प्लॉट झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेनऊ लाखांवर गेलेली दिसते. इतक्या मोठ्या गावात कोणती जमीन कोणाची, हे आता कोणासही तोंडपाठ असू शकत नाही. जुना विश्वास मात्र तसाच शिल्लक राहिला. 'ओळखीचा माणूस आहे' एवढ्या तीन शब्दांवर आपण इसार देऊन मोकळे होतो.

आता दलाल किंवा मध्यस्थ ह्या व्यक्तीकडे वळू. ह्या धंद्याची निंदा करण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही, हे प्रथमच सांगतो. सचोटीचे मध्यस्थ मी पाहिले आहेत. ह्या सभेतही त्या व्यवसायातील काही बंधू बसलेले आहेत. दोष माणसाचा नाही, बैठकीच्या रचनेचा आहे. जुन्या घराच्या खरेदीविक्रीत बहुधा एकच मध्यस्थ असतो आणि तो दोन्हीकडून दलाली घेतो. विकणाऱ्यास अधिकात अधिक किंमत हवी, घेणाऱ्यास कमीत कमी. एकाच माणसाने ह्या दोन्ही इच्छा प्रामाणिकपणे पुऱ्या कराव्या ही अपेक्षा करणे म्हणजे दोन्ही पक्षकारांचे वकीलपत्र एकाच वकिलाने घेण्यासारखे होय.

थोडा हिशेब मांडून पाहा. घराची किंमत ४०,००,००० रुपये ठरली आणि दलाली दोन्हीकडून एकेक टक्का धरली, तर मध्यस्थास ८०,००० रुपये मिळतात. आता त्याने चार दिवस खटपट करून किंमत २,००,००० रुपयांनी खाली आणली असे समजू. घेणाऱ्याचे दोन लाख वाचले. मध्यस्थाचे मात्र चार हजार कमी झाले. उलट त्या खटपटीत व्यवहारच फिसकटला तर त्याचे सगळेच ऐंशी हजार गेले. अशा स्थितीत शहाणा माणूस काय करील? किंमत कितीही असो, भिंतीला ओल असो वा नसो, व्यवहार लवकर पुरा व्हावा, हेच त्याच्या हिताचे ठरते. ह्यात लबाडीचा प्रश्नच नाही; साधे अंकगणित आहे.

नव्या इमारतीतील सदनिकांची गोष्ट ह्याहून थोडी वेगळी आहे. तेथे पुष्कळदा बांधकाम व्यावसायिकच मध्यस्थास दलाली देतो आणि गिऱ्हाइकास सांगितले जाते की 'तुम्हाला काही द्यावयाचे नाही.' आपल्याला हे ऐकून बरे वाटते. पण तो खर्च किंमतीतच धरलेला असतो, आणि शिवाय तो मध्यस्थ ज्याचे मीठ खातो त्याच्याच बाजूने बोलणार. जो मध्यस्थ फुकट मिळतो तो आपला नसतो, एवढे ध्यानात ठेविले तरी पुष्कळ झाले.

येथे कोणी विचारील की, मग पैसे देणारा तोच धनी, असा नियम समजावयाचा काय? तसेही नाही. आपल्या बाजार समितीच्या कांद्याच्या व्यापाराशी संबंध असलेल्यांस हे चटकन पटेल. पूर्वी फळे-भाजीपाला, कांदा-बटाटा ह्यांची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात असे. २०१६ च्या जुलैमध्ये राज्य शासनाने ती शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असा बदल केला. त्यावर व्यापाऱ्यांनी बंदही पुकारला होता. पैसे देणारा बदलला, म्हणून अडत्या खरेदीदाराचा झाला काय? नाही. माल शेतकऱ्याचा, विकून देण्याचे काम शेतकऱ्याचे, तेव्हा अडत्याने शेतकऱ्याचेच हित पाहावे, ही अपेक्षा राहिलीच. तात्पर्य, दलाली कोणाच्या खिशातून येते ह्यावरून सर्व काही ठरत नाही. कोणी कोणास कोणते काम सांगितले, आणि ते कोठे लिहिलेले आहे, ह्यावर ठरते.

हा घोटाळा केवळ आपल्याकडचा नाही. आपल्या समाजातील कित्येकांची मुले अमेरिकेत आहेत. त्यांस विचारले तर ती सांगतील की, तेथे घर घेणाऱ्याचा एजंट वेगळा व विकणाऱ्याचा वेगळा. ही सोय तेथे आपोआप झाली नाही. १९८३ साली तेथील संघराज्य व्यापार आयोगाने पाहणी केली तेव्हा असे आढळले की, घर दाखवीत हिंडणारा एजंट आपलाच आहे असे बहुसंख्य खरेदीदार समजत होते. वस्तुतः कायद्याने तो विक्रेत्याचा प्रतिनिधी होता. आपल्या मनातली शेवटची किंमत ते बिचारे त्याच्याजवळ बोलून जात आणि ती विक्रेत्यापर्यंत पोहोचे! त्यानंतर खरेदीदाराच्या स्वतंत्र एजंटाची प्रथा पुष्कळ राज्यांत रुळली. परंतु त्याचेही वेतन विक्रेत्याच्या दलालीतूनच दिले जात राहिले आणि त्यावरून मोठे खटले झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरी राज्यातील ज्यूरीने दलालांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध आणि काही मोठ्या पेढ्यांविरुद्ध जवळजवळ १८० कोटी डॉलरांचा निर्णय दिला. पुढे २०२४ मध्ये संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि ऑगस्ट २०२४ पासून तेथे असा नियम झाला की, घर दाखविण्यापूर्वी खरेदीदार व त्याचा एजंट ह्यांच्यात लेखी करार झाला पाहिजे व त्यात मेहनताना स्पष्ट लिहिला पाहिजे. अमेरिकेचे सर्वच अनुकरणीय आहे असे मी म्हणत नाही. त्यांची दलालीही आपल्या मानाने भारी आहे. परंतु 'आधी लिहा, मग घर पाहा' हा क्रम घेण्यासारखा आहे.

आपल्या कायद्यात काय आहे? स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ साली झाला आणि महाराष्ट्रात त्यासाठी महारेरा हे प्राधिकरण २०१७ मध्ये सुरू झाले. नोंदणी केलेल्या प्रकल्पातील घर विकण्यास मदत करणाऱ्या दलालाने स्वतःची नोंदणी केलीच पाहिजे, आणि गिऱ्हाइकास मिळावयाची सर्व माहिती व कागदपत्रे नोंदणीच्या वेळी मिळतील असे पाहिले पाहिजे, हे त्या अधिनियमाने ठरविले. २०२३ साली महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही लागू केली. ही सुधारणा मोठीच आहे. परंतु त्यात दोन उणिवा राहतात. एक तर जो प्रकल्प ५०० चौरस मीटरांहून लहान जागेवर आहे, किंवा ज्यात आठांहून अधिक घरे नाहीत, त्यास नोंदणीची सक्ती नाही. आणि एका व्यक्तीने दुसऱ्यास विकलेले जुने घर ह्या व्यवस्थेत सहसा येतच नाही. दुसरे असे की, दलाल हा खरेदीदाराचा की विक्रेत्याचा, असा भेदच त्या अधिनियमाच्या कलमांत केलेला नाही. नोंदणीचा क्रमांक पाहून दलाल खरा आहे एवढे कळते. तो आपला आहे, हे कळत नाही.

ते काम त्याहून पुष्कळ जुना कायदा करतो. १८७२ चा करार अधिनियम आजही चालू आहे. ज्याने एखाद्यास आपला प्रतिनिधी नेमले, त्याच्या सांगण्याप्रमाणे त्या प्रतिनिधीने वागावे, योग्य कौशल्य व दक्षता दाखवावी, हिशेब द्यावा, अडचण आली तर धन्यास कळवावी, असे त्यात सांगितले आहे. कलम २१५ तर घर घेणाऱ्याने तोंडपाठ करावे असे आहे. प्रतिनिधीने धन्याची संमती न घेता, सर्व महत्त्वाच्या गोष्टी त्याला न सांगता, स्वतःच्याच खात्यावर व्यवहार केला आणि त्यात काही लपविले, किंवा तो व्यवहार धन्यास तोट्याचा ठरला, तर धनी तो व्यवहार नाकारू शकतो. पुढचे कलम तशा व्यवहारातील नफाही प्रतिनिधीकडून मागण्याचा अधिकार देते.

ह्या कलमाचे महत्त्व एका प्रकरणावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एक सेवानिवृत्त शिक्षक हद्दवाढ भागातील प्लॉटचे कागद घेऊन माझ्याकडे आले. खरेदीखत लिहावयाचे होते. इसार दोन लाख रुपये आधीच दिलेला होता. प्लॉट त्यांच्या एका परिचिताने दाखविला होता आणि त्याच्यावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. कागद पाहिले तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. विकास आराखड्यातील नियोजित रस्ता त्या प्लॉटचा जवळजवळ तिसरा हिस्सा खाऊन जात होता. आणि मूळ मालकाने काही महिन्यांपूर्वीच त्या जमिनीचे साठेखत करून दिले होते, ते दुसऱ्या कोणास नव्हे तर त्या परिचितालाच! म्हणजे ज्यास गुरुजी आपला मध्यस्थ समजत होते तो प्रत्यक्षात स्वतःचाच माल खपवीत होता. कलम २१५ येथे अगदी चपखल बसले असते. परंतु तो गुरुजींचा प्रतिनिधी होता हे दाखविणारी एक ओळ कोठे लिहिलेली नव्हती. त्याने शांतपणे सांगितले की, मी तुमचा कोण? मी तर विकणारा! तोंडी नेमणूकही कायद्यास मान्य असते, नाही असे नाही. पण ती शाबीत कोणी करावयाची आणि किती वर्षे? शेवटी अर्धा इसार सोडून गुरुजींनी प्रकरण मिटविले. एक लाख रुपये म्हणजे त्यांच्या निवृत्तिवेतनाचे कित्येक महिने होते. नेमणुकीची चिठ्ठी असती तर ती एक कागदी चिठ्ठी त्या लाखाच्या मोलाची ठरली असती.

कोणी म्हणेल की, दोष लपविणे हा विकणाऱ्याचाच गुन्हा नव्हे काय? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात विक्रेत्यावर तशी जबाबदारी आहे खरी, परंतु ती मर्यादित आहे. जो दोष त्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाही, तेवढाच त्याने सांगावयाचा. जो दोष पाहिल्यास दिसला असता, तो तुम्ही पाहिला नाही तर तुमचे नशीब. नोंदलेला दस्त तर तुम्ही वाचलाच आहे असे कायदा गृहीत धरतो, मग तुम्ही त्या कचेरीची पायरी चढलेले असा वा नसा. ही जी 'साधारण काळजी' कायद्याने घेणाऱ्यावर टाकली आहे, ती घेण्यासाठी ज्यास वेळ व समज आहे असा माणूस म्हणजेच आपला मध्यस्थ.

त्याने काय काय पाहावे? येथे मी थोडा विस्तार करणार आहे. कंटाळा आल्यास क्षमा असावी. शेतजमिनीतून निघालेला प्लॉट असेल तर सातबारा आणि फेरफार, नगर भूमापन हद्दीत असेल तर मालमत्ता पत्रक. दोन्हींत विकणाऱ्याचे नाव आहे काय, बहिणींची नावे कमी झाली असतील तर ती कशी कमी झाली, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे काय. आपल्या घरांतून बहिणींनी तोंडी 'मला काही नको' म्हटलेले असते; त्यावर विसंबून घर घेतलेल्या किती जणांना पुढे भाच्यांच्या नोटिसा आल्या ते मला ठाऊक आहे. जमीन अकृषिक झाली आहे काय आणि रेखांकन मंजूर आहे काय. गुंठेवारीचा प्लॉट असेल तर विशेष सावधगिरी हवी. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा, गुंठेवारी नियमित करण्याचा २००१ चा, आणि मधून मधून त्यांत दुरुस्त्या होत आल्या आहेत. म्हणून 'आता सगळे नियमित होते' ह्या बोलण्यावर न जाता त्या विशिष्ट प्लॉटचा नियमितीकरणाचा आदेश हातात मागावा. नोटरीपुढे केलेला कागद किंवा नुसते कुलमुखत्यारपत्र ह्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली पुनः निक्षून सांगितले आहे, तरी असे कागद अजून विकले जातात.

इमारत असेल तर बांधकाम परवाना व वापर परवाना दोन्ही पाहावे. दुसरा नसेल तर पहिल्याचे मोल अर्धे. क्षेत्र चटईचे सांगितले की जिना व गच्ची धरून फुगविलेले, ते फीत लावून मोजावे. वाहनतळाची उघडी किंवा खांबांखालची जागा वेगळी विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निर्णय आहे. तिच्यापोटी कोणी लाख रुपये मागत असेल तर मध्यस्थाने तो निर्णय दाखवावा. नोंदणीकृत प्रकल्पात करार नोंदल्याशिवाय किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पेठांतील जुन्या वाड्यांत भाडेकरू कोण, किती वर्षांचे, हे पाहणे अगत्याचे. भाडेकरूसकट घेतलेला वाडा म्हणजे पुढच्या पिढीला लावलेला दिवाणी दावा होय.

आणि सोलापूरच्या काही गोष्टी अशा आहेत की त्या कोणत्याच उताऱ्यावर नसतात. पाणी ही त्यांतली पहिली. उजनीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरांवरून येते, आणि नळाला ते कित्येक दिवसांआड मिळण्याची सवय ह्या गावाच्या हाडीमाशी भिनली आहे. त्या गल्लीत पाणी कोणत्या वेळी, किती दाबाने येते, टाकी किती मोठी, विंधन विहीर आटते केव्हा, हे शेजारच्या बाईला विचारूनच कळते. विकणाऱ्याचा मध्यस्थ घर दाखविण्यास तुम्हाला नेमके पाण्याच्या दिवशी नेईल. तुमच्या मध्यस्थाने कोरड्या दिवशी, आणि मे महिन्यात दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या खोलीत जावे. होटगी रस्त्याकडे घर असेल तर विमानतळामुळे येणारी उंचीची मर्यादा विचारावी. त्या विमानतळास अडथळा होतो म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जेथे एवढी मोठी चिमणी गेली तेथे तुमच्या चौथ्या मजल्याची कथा काय!

मध्यस्थ हा वकील नव्हे आणि इंजिनियरही नव्हे. तीस वर्षांचा शोध वकिलानेच घ्यावा, जाहीर नोटीस त्यानेच द्यावी, तुळईची भेग इंजिनियरनेच पाहावी. मध्यस्थाचे काम असे की, ही माणसे वेळेवर बोलावणे, त्यांचे म्हणणे तुम्हाला सोप्या भाषेत सांगणे, आसपासच्या खरेदीखतांतील भाव काढून बोलणी करणे, आणि तुमच्या मनातली किंमत पोटात ठेवणे. हे शेवटचे काम वाटते त्याहून अवघड आहे. आपण चहा पिता पिता सगळे बोलून टाकतो.

आता ज्या मुद्द्यामुळे हा विषय ह्याच सभेत मांडावा असे मला वाटले, तो मुद्दा. आपल्या ज्ञातीत घराचा व्यवहार निघाला की आपण प्रथम ज्ञातीतला मध्यस्थ शोधतो. ही भावना चांगली आहे. ती नष्ट व्हावी असे मी म्हणणार नाही. पण तिच्यामुळे एक गोष्ट घडते. परक्या माणसाला जे प्रश्न आपण निःसंकोच विचारले असते ते आपल्या माणसाला विचारीत नाही. 'तुम्ही समोरच्याकडून किती घेता?' असे विचारणे म्हणजे नात्याचा अधिक्षेप, असे वाटते. मग व्यवहार बिघडला की नुकसान पैशांचे होतेच, परंतु दोन घरांचे येणेजाणे थांबते, लग्नकार्यात एक बाजू दुसरीस टाळू लागते, आणि ते भांडण ह्या मंडळाच्या निवडणुकीपर्यंत येते. उदाहरणे देण्याची आवश्यकता नाही. ती सभेत बसलेली आहेत. म्हणून माझे म्हणणे असे की, जेवढे नाते जवळचे तेवढा कागद अधिक स्पष्ट हवा. ज्ञातीतील जे बंधू हा व्यवसाय करतात त्यांस विनंती की, गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वी आपणच सांगावे: मी ह्या व्यवहारात विकणाऱ्याचा आहे, किंवा घेणाऱ्याचा आहे, किंवा दोघांकडून घेतो आहे. तिसरे सांगण्यातही कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न सांगण्यात.

एकट्या कुटुंबाने जे करावयाचे ते काही वेळा संघटना करू शकते, आणि त्याचे मोठे उदाहरण आपल्या गावाच्या वेशीवरच आहे. राजकीय मते क्षणभर बाजूस ठेवून पाहा. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी सहकारी तत्त्वावर १०,००० घरांची वसाहत उभी राहिली आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचे हस्तांतरण झाले. त्याच भागात असंघटित कामगारांसाठी रे नगर ही ३०,००० घरांची योजना हाती घेण्यात आली व तीतील १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. ह्या दोन्हींमागे श्री. नरसय्या आडम यांची दीर्घ खटपट आहे हे सर्वश्रुत आहे. विडी वळणाऱ्या बाईला सातबारा वाचता येत नसेल. परंतु जमीन, अनुदान, कर्ज आणि बांधकाम ह्या चारही टेबलांवर तिच्या वतीने बोलणारे कोणी तरी होते. पदवीधर, नोकरदार, पांढरपेशा असा आपला वर्ग मात्र प्रत्येक जण एकेकटा जातो आणि समोरच्याच्या माणसाकडून सल्ला घेऊन येतो.

खर्चाचा आक्षेप येईलच. आधीच मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, बँकेचा खर्च, त्यात हा एक आणखी कोठून? माझे उत्तर असे की, बहुतेकांना हा खर्च चुकतच नाही. ते तो दुसऱ्याच्या माणसावर करीत असतात. जो टक्का आपण देणारच आहोत तो आपल्या माणसास द्यावा. मात्र टक्केवारीने देऊ नये. वर मांडलेला हिशेब येथेही लागू पडतो: आपल्या मध्यस्थाने किंमत कमी करून आणली की त्याचीच दलाली कमी होते, हा उलटा न्याय झाला. ठरीव रक्कम द्यावी. तिचा काही भाग 'हे घर घेऊ नका' असा सल्ला मिळाल्यासही द्यावा. हा मुद्दा पुष्कळांना रुचत नाही, घर तर मिळाले नाही मग पैसे कशाचे, असे ते विचारतात. वैद्याने 'शस्त्रक्रियेची गरज नाही' असे सांगितले तर आपण त्याची फी बुडवितो काय?

नेमणुकीचे पत्र लांबलचक असण्याचे कारण नाही. मी एक मसुदा करून आणला आहे, तो वाचून दाखवितो.

'मी आपणांस अमुक भागात, अमुक रकमेपर्यंत राहते घर शोधण्यासाठी व त्याच्या खरेदीची बोलणी करण्यासाठी माझे प्रतिनिधी म्हणून नेमीत आहे. ह्या कामात आपण केवळ माझे हित पाहाल. विकणाऱ्याकडून, बांधकाम व्यावसायिकाकडून किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेकडून आपण कोणत्याही स्वरूपात मोबदला घेणार नाही. घेतल्यास तो मला कळवून माझ्या खात्यात जमा धराल. दाखविलेल्या मालमत्तेत आपला किंवा आपल्या नातलगांचा हितसंबंध असल्यास तो प्रथम लेखी सांगाल. माझी अंतिम किंमत माझ्या परवानगीशिवाय कोणास सांगणार नाही. आपला मेहनताना एकूण इतके रुपये; पैकी इतके आज, इतके कागदपत्रांची तपासणी पुरी झाल्यावर, खरेदी होवो अथवा न होवो, आणि उरलेले खरेदीखत नोंदल्यावर. ही नेमणूक इतक्या महिन्यांपुरती आहे.' खाली दोघांच्या सह्या, तारीख आणि दोन साक्षीदार.

साक्षीदारांत एक घरातील कर्ती बाई असावी, अशी माझी सूचना आहे. पाण्याचे आणि स्वयंपाकघराचे प्रश्न तिच्याइतके कोणी विचारीत नाही, आणि ठरलेली रक्कमही तीच अचूक लक्षात ठेवते.

ह्या मसुद्याच्या छापील प्रती मंडळाच्या कार्यालयात ठेवण्यास चिटणीसांनी संमती दिली आहे. ज्यांस हव्या असतील त्यांनी त्या विनामूल्य न्याव्यात. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी कार्यालयात बसत जाईन. इसार देण्यापूर्वी कोणी कागद घेऊन आल्यास तो पाहून देईन. इसार दिल्यानंतर आलात तरी पाहीन, परंतु त्या वेळी चहा तुमच्याकडून.